बशीतली कॅपुचिनो

गड्या, ऐक तर आत्ता काय झालंय. सकाळी साताऱ्यातल्या कॅफेत मुलगी बघायला गेलो, वडलांना घेऊन. मी तिच्यासमोर लय भाव खात सांगत होतो, "एस्प्रेसो म्हंजे नुसता कडू अर्क. पाणी घातलं की अमेरिकानो, दूध जास्त घातलं की लाटे, फेस जास्त असला की कॅपुचिनो."

तेवढ्यात वडलांनी कॅपुचिनो बशीत ओतून भुरका मारला. मी सगळ्यांदेखत बोललो, "आवं दादा, इथं तरी गावठीपणा करू नका."

त्यांनी बशी खाली ठेवली. परत उचललीच न्हाई.

आत्ता तिचा फोन आला. "कॉफीतलं लय कळतं तुम्हाला. पण माझा नकार आहे. आमचे पप्पा पण बशीतूनच पितात."

दादा मगापासनं विचारत्यात, "काय म्हणली रं पोरगी?"

तू काय सांगितलं असतंस?