देव्हाऱ्यातला हत्ती

भोरच्या मोटारस्टँडवर एक गृहस्थ सोबत्याला रुमालातलं तांब्याचं नाणं दाखवत होते. मार्गासनीची एक बाई जवळ येऊन उभी राहिली.

“यंदा मिळालेल्यांत मला हेच सर्वांत आवडतं. ह्यावरचा हा हत्ती दोन हजार वर्षांचा आहे.”

“रावसाहेब, हे आमच्या देव्हाऱ्यातलं हाय.”

“तुमच्या यजमानांनी, कोंडिबांनी स्वतः दिलं, बाई.”

“व्हय, मालकांनीच दिलं. आमचा ल्योक गेनू गेला, त्याच्या नावाचा चांदीचा टाक घडवाया जमलं न्हाई. वावरात हे त्यालाच घावलं व्हतं, म्हनून म्या हेच पुजलं.”

“मग दिलं कशाला?”

“म्या त्याला रोज न्हाऊ घालायची, त्याच्याशी बोलायची. मालकांना ते बघवंना.”

“परत हवंय का तुम्हाला?”

“लई हवंय. पर ते घरात असलं की मालक जेवत न्हाईत. ह्याची हळद कुठं गेली?”

“लिंबानं घासून काढली. खालची अक्षरं दिसत नव्हती.”

“डोळ्यांत गेलं असंल त्याच्या.”

“बाई, मोटार सुटतेय.”

“असू द्या तुमच्यापाशी. रोज पाणी तेवढं घाला.”

“पाण्यानं तांबं खराब होतं.”

“मग पाणी लांबनं दावा.”