झिजलेलं स्टेरिंग

वाशीमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी नंबर येण्याची वाट पाहत होतो. माझ्यापुढं मानोऱ्याकडच्या तांड्यावरच्या गोमतीबाई आणि त्यांचा जीप चालवणारा मुलगा बादल उभे होते.

बादल दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, जुन्या जीपच्या स्टेरिंग बॉक्सात टाकायचं ऑइल द्या."

"ऑइलनं काय होते? मिस्तरीनं तुले आतले दाते झिजलेले दाखवले ना?"

बादल आईला म्हणाला, "याडी, मधात बोलू नको. स्क्रू आवळला की चालते अजून."

"कालही आवळलाच होता. तू स्टेरिंग फिरवून राह्यला होता अन् जीप सरळ नाल्याकडं चालली होती."

"रस्ता खराब होता."

"रस्त्यावर नको ढकलू. काल पोहरादेवीच्या दर्शनाले जातानी आमाले समद्या बायायले जीपमदी कोंबलं. मंग तुह्या बायकोले काहून येष्टीनं पाठवलं?"

"रंजीताच्या पोटात लेकरू हाय, याडी. तिले कसा बसवू त्या गाडीत?"

"म्हणजे तुले ठाऊक होतं."

"तसं नाही."

"मंग कसं? मले तर समोरच्या सीटवर बसवलं. बस याडी, आरामात बस, म्हणे."

गोमतीबाई दुकानदाराकडं वळल्या.

"भाऊ, ऑइल राहू द्या. बॉक्सातले झिजलेले समदे पार्ट नवे काढा. अन् तू जीपची चाबी दे इकडं."

त्यानं खिशातून चाबी काढून दिली.

"कालच्या बाया उद्या पुन्हा बसायले येतीन. जीप काहून उभी हाय, ते त्यायले तूच सांगजो. मी तुह्यासाठी खोटं बोलणार नाही."