धामणीचा दांडा

गौराबाई : बाभळीचा दांडा आहे तो, मौलासाब. उत्तरेश्वरानं माझ्या डोळ्यांदेखत तासला. आमच्या घरच्या दांड्यात खोट निघत नसते.

मौलासाब : खोट नै, अम्मा. मोडला बी नै. पर सडकेच्या साहेबानी गोल्फच्या चेंडूवर मारला, अन् हात झटकत खालीच बसले. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. म्हन्ले, चांगली काठी येईपर्यंत तुमच्या लेकाला सोडायचं नै.

महानंदा : नववा दिस हाय आज, आत्याबाई. सडकेच्या खडीवर बसवलंय त्यास्नी. सुताराच्या हातात घण दिलाय.

गौराबाई : मला दिवस मोजता येतात, महानंदा. माझाही तो मुलगाच आहे. मौलासाब, विलायतेचा मूळ दांडा कुठं आहे?

मौलासाब : ह्ये बघा, दोन तुकडे. लढाईपायी जहाजं बंद. दुसरा मागवावा कुठनं?

गौराबाई : इकडं द्या. बघ सुनबाई, दाबला की वाकतो, सोडला की जागेवर येतो. चूक आमचीच झाली म्हणायची. आम्ही कुऱ्हाडीचा दांडा देऊन बसलो. साहेब मारतात कसे? उभे राहून दाखवा.

मौलासाब : म्या?

गौराबाई : दहा वर्षं त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहता ना? दाखवा.

(मौलासाब चुलीजवळची फुंकणी उचलून साहेबाची नक्कल करतो.)

महानंदा : अगं बाई, ताक घुसळल्यावानी मारत्यात की.

मौलासाब : हसू नका, बहूबेगम. नोकरी जाईल माझी.

गौराबाई : उजवा खांदा वर का नेला नाहीत?

मौलासाब : साहेबच नेत नैत. घोड्यावरून पडले व्हते. उमर बी पंचावन्न झाली. थकलेत आता. धीरे धीरे मारतात.

गौराबाई : हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. उत्तरेश्वराचे वडील म्हणायचे, आधी माणसाचं मनगट बघावं, मग लाकडाला हात लावावा. तरुणाला ताठ दांडा चालतो, त्याच्या अंगात जोर असतो. थकलेल्याला दांड्यानंच थोडा जोर उसना द्यावा लागतो. धामणीचं लाकूड पाहिजे. जिची कावड करतात, ती.

महानंदा : धामण कुठली आता? डांबर उकळायला सगळं रान तोडलं साहेबाच्याच माणसांनी. आन् ओली घावली तरी वाळायला चार सालं लागतील.

मौलासाब : चार साल? अम्मा, उद्या फजरला तंबू हलतेत. वेठीची मानसं संगं जानार, हैदराबादच्या अंगाला. म्हनून तर म्या आज पळत आलो.

महानंदा : संगं? किती दिवसांसाठी?

मौलासाब : सडक सरेपर्यंत, बेटी.

गौराबाई : रंधा आण, महानंदा.

महानंदा : आन् लाकूड?

गौराबाई : हे काय, हातात आहे माझ्या.

महानंदा : आत्याबाई, काठी हाय ती तुमची. मामंजींनी केलेली.

गौराबाई : धामणीचीच केली होती. तीस वर्षं तळहाताचं तेल पिऊन वाळली आहे. आणखी काय वाळायची राहिली?

मौलासाब : अन् तुमी चालनार कशा?

गौराबाई : तुम्ही मापापुरतं बोला. मूठ जाड ठेवायची, खाली निमुळती करत न्यायची. माझी बोटं आता रंधा धरत नाहीत. तू तास.

महानंदा : म्या? बायकांनी हत्याराला हात लावू न्हाय, तुमीच तर म्हणता.

गौराबाई : म्हणते. आज नाही म्हणत. सुताराच्या घरात नऊ वर्षं निघाली तुझी, काय डोळे मिटून बसली होतीस? हलका हात चालव. रेषेविरुद्ध गेलीस तर चीर पडेल, आणि दुसरी काठी माझ्याकडं नाही.

मौलासाब : शामपर्यंत हुईल का, अम्मा?

गौराबाई : दिवेलागणीच्या आत न्या. साहेबांना सांगा, एकदा फिरवून बघा आणि उत्तरेश्वराला रात्रीच्या भाकरीला घरी पाठवा. आर्जव केलं म्हणू नका. गौराबाईनं निरोप दिला म्हणा.

मौलासाब : तसंच सांगतो. पर साहेब नै म्हन्ले तर?

गौराबाई : काठी हातात घेतल्यावर नाही म्हणणार नाहीत. तेवढं लाकूड मला कळतं.

महानंदा : आत्याबाई, ऊन आलं तुमच्या अंगावर. आत चला की.

गौराबाई : तू तासून घे आधी. मग तुझा खांदा लागेल मला.