'हेल' म्हणजे झाकलेलं

अध्यक्षस्थान भूषवणारे आमचे थोर्लाकुर, मंचावरील विद्यापीठाची पाहुणे मंडळी, कोशमंडळातले सहकारी, आणि जिच्यासाठी आपण सारे आज रेक्याविकच्या या सभागृहात जमलो आहोत ती एय्वोर,

एकतीस वर्षं शब्दकोशात घालवलेल्या बाईला निरोप कोणत्या शब्दांत द्यायचा? जो शब्द वापरीन त्याचं मूळ ती विचारणार. तरी धाडस करतो.

कोशात 'ह' अक्षराचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट. 'हेल' या शब्दाची नोंद एय्वोर चार वर्षं हातावेगळी करेना. मी वैतागून म्हणालो, "अगं, मेल्यावर जायची जागा. लिही आणि मोकळी हो." ती म्हणाली, "तुला एवढी घाई असेल तर हो पुढे."

त्याच सुमारास उत्तरेकडून एक फोन आला. आर्नफ्रिदुर नावाची शेतकरीण. तिचा मुलगा ओद्दुर पूर्वी एका सप्टेंबरात मेंढ्या उतरवायला माळावर गेला आणि अवेळी आलेल्या बर्फात सापडला. थंडीनं गेलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? 'हेलात गोठला.' सहज म्हणतो, विचारही करत नाही. तिच्या नवऱ्यानं तेच थडग्याच्या दगडावर कोरून घेतलं. आणि ही माउली अकरा वर्षं त्या दगडाकडे फिरकली नव्हती. तिला त्यात आपली रोजची शिवी ऐकू यायची, 'हेल्वीती', आगीचा नरक. "माझ्या पोरानं असं काय पाप केलं होतं?" एवढंच तिनं विचारलं.

उत्तर पत्रानं देता आलं असतं. एय्वोरनं मला गाडी काढायला लावली.

तिकडच्या स्वयंपाकघरात कॉफी ओतून होईस्तोवरही ती थांबली नाही. म्हणाली, "आर्नफ्रिदुर, आग त्यात मागाहून आली. 'वीती' म्हणजे शिक्षा, ते शेपूट पाद्र्यांच्या काळातलं. नुसत्या हेलात शिक्षा नाही. मूळ शब्द झाकण्याचा. आपण 'हिल्या' म्हणतो ना झाकायला? त्याच घरातला. हेल म्हणजे झाकलेली जागा. गॉथ, जर्मन, इंग्रज, सगळ्यांकडे हाच शब्द होता, चर्च यायच्या आधीपासून."

"म्हणजे माझा पोरगा बरा आहे म्हणता?"

"ते मला ठाऊक नाही, बाई. मी फक्त शब्दाचं सांगते."

आर्नफ्रिदुरनं कप बाजूला सारला. मग म्हणाली, "त्याच्या अंगावर पांघरूण टिकायचं नाही कधी. लाथाडायचा मेला."

मग तिनं कोट चढवला. आम्ही मागोमाग गेलो. तिनं दगडावरचं शेवाळ पुसलं आणि सगळी ओळ मोठ्यानं वाचली. मंडळी, माझ्या अंगावर काटा आला. कोण कुठली माणसं, त्यांची नावंही उरली नाहीत, आणि त्यांनी तोंडातोंडी सांभाळलेला अर्थ दोन हजार वर्षांनी या बाईपर्यंत धड पोचला. मी आयुष्यभर शब्दांच्या चिठ्ठ्या लावल्या, पण शब्द एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

गेल्या वसंतात आर्नफ्रिदुर गेली. एक्क्याण्णवाव्या वर्षी, आपल्या बिछान्यात. लेकीचं पत्र आलं: आईनं सांगून ठेवलंय, तिच्या दगडावर 'हेलात, ओद्दुरपाशी' असं घाला, पण आधी एय्वोरला विचारा. मी पत्र वाचून म्हणालो, "हे चूक आहे. बिछान्यात गेलेल्या माणसाला असं कोणी म्हणत नाही." जिनं एकतीस वर्षांत माझा एक काना सोडला नाही, तिनं पत्राखाली लिहिलं, "बरोबर आहे. कोरा."

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात जे चुकलं असेल ते एय्वोर काही सोडायची नाही. आपण मात्र सोडून द्यावं, ही विनंती.