आमच्या सायलीची चौकशी

...न्हाई, मला सांगा, कॉलेज आमच्या खिंडीपल्याड, जितं धा वर्सांमागं मी म्हशी चारल्या, आन् तितं शिकवत्यात काय, तर आंतरराष्ट्रीय पत्रकारिता! त्या माळावर आंतरराष्ट्रीय काय हाय हो? मी पोरीला म्हणलं, त्या जागेचा सातबारा बघितला का? तर हसली. तुमाला सांगतो, आमच्या उरवडे गावात जमिनीचं एजंट फिराय लागल्यापास्नं कागद बघितल्याबिगर मी कुणाला 'बसा' म्हणत न्हाई. मी संशयी न्हाई, पण इचारायला काय जातंय?

तर ही आमची सायली, एकुलती एक, दुसऱ्या वर्साला हाय. कॉलेजात गेली आन् घरात बोलायची चोरी झाली. मी म्हणलं, भिवाजीनं डोंगराकडची जमीन इकली. लगीच, "आबा, कुणी सांगितलं? भिवाजीकाकांनी स्वता? मग दुसरं कोण सांगतंय?" अगं, अख्खं गाव सांगतंय! तर म्हणती, अख्ख्या गावाला एकानंच सांगितलं आसंल. आता तो एक मीच होतो, ही गोष्ट येगळी.

मग एक दिवस फोन माझ्या तोंडापुढं धरला. खोल्या किती, भाडेकरू किती, पाणी कुटनं येतं, पयलं हितं काय पिकायचं... का, तर परदेशातल्या वाचकाला आपलं गाव समजावून सांगायचंय. परदेशातला मानूस माझ्या खोल्या मोजून काय करणार हो? मला वाटलं, घरपट्टीवाल्यांनी माझीच पोरगी फोडली. मी संशयी न्हाई, पण इचारायला काय जातंय?

आन् मग चैत्रात घरात लोकरीचा स्वेटर आला. चैत्रात! मी आत गेलो की मायलेकी गप्प. भाडेकरूंत एक पियूष हाय, नांदेडचा, हिंजवडीला कंपनीत. जिन्यात गाठला त्याला. म्हणतो कसा, "काका, अ‍ॅक्च्युअली मला काहीच आयडिया नाही." आरं, मी अजून काय इचारलंच न्हवतं की!

आन् मंगळवारी दारात पोलीस. पौडास्नं आलेला, हातात फाईल. "सायली तुमचीच का?" म्हणलं, काय केलं तिनं? तर म्हणला, काय न्हाई, पासपोर्टची चौकशी. सहा म्हैन्यांसाठी परदेशातल्या युनिव्हर्सिटीत जाणार ना ती, शिकायला... तुमाला म्हाईत न्हाई? आता पोलिसापुढं बाप कसं म्हणंल, न्हाई म्हाईत? म्हणलं, हाय की, म्हाईत हाय.

मग त्यानं पेन काढलं. "मुलीबद्दल काय तक्रार? काय संशय?"

खोटं कशाला बोलू, त्या टायमाला माझ्या मनात आलं, एकच वाक्य टाकायचं. 'जरा नीट चौकशी करा सायेब', बास. फाईल पडली असती पडून, पोरगी राहिली असती घरात. तोंड उघडलं बी होतं मी... आन् सायली समोर, पान्याचा तांब्या घिऊन उभी. फोन न्हाई, प्रश्न न्हाई, नुसती बघतीया. म्हणलं, "काय बी संशय न्हाई सायेब. पोरगी लई सरळ हाय." आन् त्यानं कागद पुढं केला तिथं सही ठोकली. न वाचता. आयुष्यात पयल्यांदा.

तो गेला तसा मी तिला धरली. म्हणलं, बापाला आधी इचारता येत न्हवतं?

तर म्हणती, "आबा, तुमाला इचारलं असतं तर चार म्हैने तुमीच प्रश्न इचारत बसला असता. पोलिसाला मानूस उत्तर देतो. म्हणून तुमी घरी असायची येळ मीच दिली त्यांना."

बघा! हे शिकवत्यात त्या माळावर!

आता गणपती झालं की निघाली. सहा म्हैने. पियूष म्हणतो फोनवर रोज दिसंल, दिसू द्या की, पण दिसलेल्या मानसाला जेवलीस का इचारलं तर ती खरं बोलतीया कशावरनं? मी संशयी न्हाई, पण... इचारणार कुणाला? घरात राहिलो मी आन् तिची आय. आन् हिच्यावर संशय घ्यायची, तुमाला सांगतो, आपली टाप न्हाई.