शालीला रांग, पंचनाम्याला पाठ

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपले सरपंच अंगदराव, शाल-श्रीफळाचा खर्चा आपणहून उचलणारे बियाण्याचे व्यापारी बद्रीनाथशेठ, मंचावरची मानाची मंडळी, समोरच्या माता-भगिनी, माझ्या हॉटेलात रोज चहा पिणारे आणि उद्यापासून कदाचित दुसरीकडे पिणारे मित्रहो, आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या ग्रामसेविका प्रभावतीताई, सगळ्यांना माझा रामराम, सलाम.

मला सांगण्यात आलंय, दोन गोड शब्द बोला आणि बसा. गोड तर माझा धंदाच आहे. पण आज साखर संपली, माफ करा.

ताईंची बदली म्हणे प्रशासकीय कारणानं झाली. मी वडीगोद्रीच्या स्टँडवर कपबश्या विसळून मोठा झालेला माणूस, मला सरकारी भाषा येत न्हाई. पण कान शाबूत आहेत. ते प्रशासकीय कारण आत्ता या मंचावर बसून पेढा खाऊन राह्यलं, एवढं मला बराबर कळतं.

हसू नका. हसण्यासारखं काय आहे यात?

ताई आल्या तेव्हा गावात कचऱ्याची सोय काय होती? काडेपेटी! शाळेमागं रोज धूर, पोरं खोकत खोकत पाढे म्हणायची. ताईंनी आधी समजावलं, मंग दंड लावला. सरपंचांच्या पुतण्याच्या लग्नातले प्लास्टिकचे ग्लास ओढ्यात पेटवले, तर नवरदेवाची हळद उतरायच्या आत पावती घरी! अध्यक्षसाहेब, तुम्ही ती भरली. तो मोठेपणा मी मानतो.

मंग उन्हाळ्यात गायरानात टेंपो आल्ता. मुदत संपलेलं बियाणं, औषध चोळलेलं, लालभडक. ते उघड्यावर ओतलं आणि रिकाम्या पोत्यांना आग लावली. इमामबीच्या शेळ्यांनी ते खाल्लं. दिवस मावळेपर्यंत त्यातली एक बी शेळी उठली न्हाई. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "शेळ्याच तर होत्या." अरे, त्या बाईची चूल त्या शेळ्यांवर चालायची!

त्या दुपारी टेंपो निघायच्या आत ताई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हर वरूनच म्हणतो, "मॅडम, घाण जाळायला बी परवानगी लागती का?"

ताई म्हणाल्या, "परवानगी मिळत नसते बाबा, दंड मिळतो. उतर खाली."

पोलीस आले. पंचनाम्याला दोन पंच पाहिजेत म्हणाले. अख्खं गाव गोळा झालेलं, पण पंच हा शब्द निघाला आणि गायरान रिकामं! एकाची म्हणे म्हैस सुटली, त्याच्या दावणीला मुळात म्हैसच न्हाई. एकाला भर दुपारी आष्टीची सासुरवाडी आठवली. राहिलो मी आणि पंक्चरवाले महेमूदभाई. आम्ही दोघांनी सही केली. आज तीच मंडळी ताईंबरोबर फोटो काढायला रांगेत! लाज कोणत्या दुकानात ठेवून आलात रे?

आता नीट ऐका. मघाशी नारळ देऊन खुर्चीवर बसता बसता बद्रीनाथशेठ अध्यक्षांच्या कानात म्हणाले, "बाई गेली, केस बी गेली. पंचांचं मी बघतो."

माईक बंद होता शेठ, माझे कान न्हाई. टेंपो कोणाचा होता, हे आता या मंडपात कोणाला विचारायची गरज उरली न्हाई.

आणि पंचांचं काय बघता? हा बघा, एक इथं उभा आहे. पुढच्या महिन्यात अंबडच्या कोर्टात तारीख आहे. महेमूदभाई, येता ना?

"बिलकुल! दुकानाला कुलूप लावून येतो!"

ऐकलं? कोर्टात कितीबी उलटसुलट विचारा, जे पाह्यलं तेच सांगू. ज्यांना त्या दिवशी म्हशी सापडत नव्हत्या, त्यांनी निदान कोर्टात येऊन मागं बसावं. माझ्या जीपमध्ये जागा आहे. ताई, तुम्ही बिनघोर जा. बदली तुमची झाली, साक्षीदारांची न्हाई.

अध्यक्षांनी दोनदा घंटी वाजवली, तरी माईक हिसकावला न्हाई, त्यांचे आभार. मंडप सजवणाऱ्या बचत गटाच्या बायांचे आभार. मानपानात कुठं उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या.

शेठ, तुमची माफी मात्र साक्ष झाल्यावर मागीन.