आपोआप चढणारं रक्त

भाचा : ‘हात हलवू नका, आजी’ म्हणे! ओ डॉक्टर, आजी कोणाला म्हणत होतात मघाशी? बावन्न वर्षांची आहे माझी मावशी. आणि एकाच मनगटात चार वेळा सुई खुपसल्यावर दगडसुद्धा हलेल.

डॉक्टर : तू आधी बाहेर थांब. हा वॉर्ड आहे.

मावशी : राहू द्या त्याला. तो गेला तर मलाच भांडावं लागेल... आणि मला दम पुरत नाही.

डॉक्टर : मावशी, ऐका. तासापूर्वी घेतलेल्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. ऑक्सिजन अडुसष्ट टक्के. घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावावं लागेल. मोठ्या डॉक्टरांशी फोनवर बोललोय. इथे सही करा.

भाचा : अडुसष्ट? आणि बोटाला लावलेला हा चिमटा काय सांगतोय? वाचा की मोठ्यानं.

डॉक्टर : चौऱ्याण्णव. पण चिमटा चुकू शकतो. रिपोर्ट मशीनचा असतो.

भाचा : आणि सुई कोणाची असते?

डॉक्टर : म्हणजे काय?

भाचा : म्हणजे काल त्या चष्मेवाल्या सिस्टरनी धमनीतलं रक्त घेतलं, तेव्हा सिरिंजचा दांडा कोणी ओढलाच नाही. रक्त आपलं आपण धडक मारत वर चढलं, लालभडक. तुम्ही मघाशी दात-ओठ खाऊन दांडा ओढत होतात. आणि जे आलं ते काळपट.

डॉक्टर : किती शिकलायस रे तू?

भाचा : नववीत शाळा सोडली. रंग त्याच्या आधीच शिकवून झाले होते.

मावशी : हसवू नको मेल्या, खोकला येतो.

डॉक्टर : काळपट होतं? नक्की?

भाचा : तुमच्या हातात होतं ना. मला काय विचारता?

डॉक्टर : ...शिरेतलं असेल मग. सुई शेजारच्या शिरेत गेली असेल. तिथल्या रक्तात ऑक्सिजन कमीच असतो.

मावशी : म्हणजे मी बरी आहे, सुई आजारी आहे.

डॉक्टर : तसं लगेच म्हणता येणार नाही. पुन्हा घ्यावं लागेल.

मावशी : पाचव्यांदा? नको रे बाबा. त्यापेक्षा ती नळी घाला.

भाचा : मावशे, नळी घातली की बोलता येत नाही.

मावशी : किती दिवस?

डॉक्टर : सांगता येत नाही.

मावशी : सुई आणा.

डॉक्टर : ए, काल सिस्टरनी नेमकं कसं केलं होतं?

भाचा : आता विचारताय! टॉवेलची गुंडाळी मनगटाखाली ठेवली, पंजा मागे वाकवला. बारीक सुईनं जागा बधिर केली आणि मग चक्क थांबल्या. दोन बोटांनी ठोके शोधत बसल्या. तुम्ही आलात ते सरळ वार करत.

डॉक्टर : बधिर करायला वेळ जातो. सतरा पेशंट आहेत माझ्याकडे.

भाचा : चार वेळा टोचायला वेळ जात नाही?

मावशी : पुरे रे. डॉक्टर, तू कधीपासून ड्युटीवर आहेस?

डॉक्टर : काल सकाळपासून.

मावशी : मग ते स्टूल ओढ आणि बस. तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी, वाकून उभ्यानं सुईत दोरा ओवता येत नाही कोणाला.

(डॉक्टर स्टूल ओढून बसतो.)

डॉक्टर : आधी बधिर करतो. थोडं चुरचुरेल... आता दुखतंय?

मावशी : कुठे? सुरू कधी करणार?

डॉक्टर : सुई आतच आहे. हलू नका.

भाचा : दांड्याला हात लावू नका.

डॉक्टर : नाही लावत रे.

भाचा : ...चढलं! मावशे, चढलं! लाल आहे बघ!

डॉक्टर : ओरडू नकोस. इथे बोटानं घट्ट दाबून धर, पाच मिनिटं.

भाचा : वर बुडबुडा आहे एक.

डॉक्टर : दिसलाय. हवा राहिली तर रिपोर्ट चुकतो, काढतोय. झालं. आता हे ट्रेमध्ये ठेवतो, वॉर्डबॉय खाली जाईल तेव्हा नेईल.

भाचा : कधी जाईल?

डॉक्टर : अर्ध्या तासात.

भाचा : आणि तोवर हे चांगलं राहतं?

डॉक्टर : ...नाही. दहा-पंधरा मिनिटांत मशीनला लागलं पाहिजे खरं तर.

भाचा : मशीन कुठाय?

डॉक्टर : तळमजल्यावर, एक्स-रेच्या पलीकडचा दरवाजा. पण लिफ्ट बंद आहे.

भाचा : द्या इकडे. मनगट तुम्ही दाबा, बसलेलेच आहात.

डॉक्टर : अरे, पण माझे बाकीचे पेशंट—

भाचा : पाच मिनिटं म्हणालात ना तुम्हीच? मोजा.

मावशी : जिन्यात सांभाळून जा रे. आणि तिथल्या लोकांशी भांडू नकोस, आधी नीट सांग की—

भाचा : मावशे, नंतर. मला निघायचंय आता.